ताईच्या डाव्या बाजूला

“तू ताईच्या डाव्या बाजूला बसायचं,” सुमनआतेनं मला बजावलं, “आणि त्यांनी काही विचारलं की ताईनं तोंड उघडायच्या आत तू उत्तर द्यायचं. कळलं?”

“त्यात काय कळायचंय?” मी म्हटलं. “रोज तेच तर करते.”

“रोजची गोष्ट वेगळी गो. आज चुकून चालायचं नाही. तिसरं स्थळ आहे हे.” आतेनं माझ्या वेणीला असा काही हिसका दिला की माझे डोळे बारीक झाले. लाल रिबिनीचं फूल बांधून तिनं मला समोर फिरवलं, चौकडीचा फ्रॉक खाली ओढला आणि पुन्हा विचारलं, “नाव विचारलं तर?”

“शरयू दत्ताराम शेट्ये.”

“शिक्षण?”

“मॅट्रिक.”

“आवड कसली?”

“शिवणकाम, विणकाम आणि स्वैपाक.”

“शाबास. आणि मधेच हसायचं नाही.”

मी अकरा वर्षांची होते. देशात निवडणूक होऊन नुकतंच सरकार बदललं होतं, आणि देवरुखात मे महिन्याचा उकाडा मी म्हणत होता. आमचं घर एस.टी. स्टँडच्या मागच्या आळीत. अप्पा स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. त्यांचा आवाज माइकवरून दिवसभर आमच्या परसात ऐकू यायचा. आई कधी कधी वैतागून म्हणायची, “बापाचा आवाज तालुकाभर, आणि लेकीचा घशातच अडकलाय.”

ताई अडखळत बोलायची. लहानपणापासूनच. आईनं काय काय करून पाहिलं होतं! मधात उगाळलेलं वेखंड चाटवलं, जिभेखाली खडीसाखरेचा खडा ठेवून बोलायला लावलं, मार्लेश्वराला नवस बोलली. ताईनं सगळं निमूट केलं. वेखंडानं तिचा आवाज गोड झाला म्हणा, पण शब्द काही सुटले नाहीत. गाताना मात्र ती एकाही जागी अडत नसे. सरळ, स्वच्छ गायची. तेच शब्द बोलायला गेली की ओठ थरथरायचे, मान ताठ व्हायची आणि पहिलं अक्षर फिरून फिरून तिथंच यायचं. सगळ्यात जड जायचं ते तिचं स्वतःचं नाव. शाळेत नवे गुरुजी आले आणि एकेकाला उभं करून नाव विचारू लागले की ताईला त्या दिवशी पोटात दुखायचं.

मी बोलायला लागले ती मात्र थांबेचना. कधी सुरू झालं ते मला आठवत नाही, पण पाच-सहा वर्षांची असल्यापासून मी ताईची वाचा झाले होते. दुकानात जायचं तर मी बरोबर. गिरणीत जायचं तर मी बरोबर. ताई माझा हात धरायची आणि हळूच दाबायची. तेवढ्यावरून तिला काय म्हणायचंय ते मला कळायचं. “नाना, अर्धा किलो गूळ. काल दिलात तो चिकट होता, तसला नको म्हणते ताई.” दुकानदार नाना हसायचे. “तुझी ताई म्हणते की तू म्हणतेस गो?” विंदी शेट्ये म्हणजे थोरलीचं तोंड, असं सगळी आळी म्हणायची, आणि ते ऐकून माझी मान ताठ व्हायची.

संध्याकाळी आळीतल्या मुली स्टँडमागच्या मोकळ्या जागेत लगोरी मांडायच्या. मला हाका मारायच्या. मी दारातूनच ओरडायची, “नाय जमणार. ताईला बाजारात जायचंय.” हळूहळू त्यांनी हाका मारणं सोडून दिलं.

ताईला पाहायला येणार म्हटल्यावर मला एकच प्रश्न पडला होता. मी आईला विचारलं, “मी पण जाणार ना ताईबरोबर?”

“कुठं?”

“सासरी. तिकडं तिचं कोण बोलणार?”

आई हसता हसता खोकायला लागली. आतेनं पदर तोंडाला लावला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसेना. मी माझे दोन चांगले फ्रॉक घडी करून ताईच्या ट्रंकेत तिच्या साड्यांखाली सारूनही ठेवले होते.

ताई तेवढी हसली नव्हती. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली होती.

---

पाहुणे चिपळूणच्या गाडीनं आले. अप्पा त्यांना स्टँडवरून घेऊन आले. अंगात अजून एस.टी.चा खाकी बुशशर्ट होता, तो आईनं त्यांना घाईघाईनं आत बोलावून बदलायला लावला. आलेली माणसं तीन. मुलगा सुधाकर रेडीज, त्याची आई आणि मामा. सुधाकर वीज मंडळात नोकरीला होता. अंगात पिस्ता रंगाचा टेरिकॉटचा शर्ट, केस चापून बसवलेले, गाडीच्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. हात-पाय धुऊन आल्यावर त्या भुवया काळ्या झाल्या आणि तो एकदम तरुण दिसायला लागला. मामा जाडजूड, गप्पिष्ट. आल्या आल्या त्यांनी आमच्या फणसाची चौकशी केली. काकी, म्हणजे मुलाची आई, घर बघत होत्या. भिंतीवरचं कॅलेंडर, कोपऱ्यातली घागर, रेडिओवरचं भरतकामाचं झाकण.

“हे मुलीनं केलं?” त्यांनी झाकणाकडे बोट दाखवून विचारलं.

“तर काय!” आते म्हणाली. ते झाकण आतेनंच चिपळूणहून येताना आणलं होतं.

कोकम सरबत झालं. दडपे पोहे आले. मग ताई आली. मोरपंखी साडी, केसात अबोलीचा वळेसर. तिनं सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि चटईवर बसली. मी धावत जाऊन तिच्या डाव्या बाजूला बसले. तिनं माझा हात धरला.

“नाव काय गो तुझं?” काकींनी विचारलं.

“शरयू दत्ताराम शेट्ये,” मी म्हटलं.

मामा खो खो हसले. “तुझं नाही गो पोरी, हिचं!”

“हिचंच सांगितलं. माझं नाव वृंदा.”

“धाकटी भारी बोलकी,” आते घाईनं म्हणाली. “थोरलीचं तसं नाही. थोरली मितभाषी. मोठ्यांपुढं तोंड उघडणार नाही.”

“तसंच असावं,” काकी म्हणाल्या. “शिक्षण?”

“मॅट्रिक,” मी म्हटलं.

“स्वैपाक?”

“सगळा येतो. माशाचं कालवण तर असं करते की...”

आतेनं डोळे वटारले, तेव्हा मी थांबले. मग आतेनंच सुचवलं, की मुलगी छान गाते, एखादा अभंग ऐकाच. ताईनं डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. मी तिच्या शेजारी बसून हजारदा तिचं गाणं ऐकलं होतं, पण त्या दुपारी तिचा आवाज काही वेगळाच लागला. पोहे खाता खाता चाललेलं मामांचं बोलणं थांबलं. काकींनी हातातला पंखा हलवायचा थांबवला. सुधाकरनं मान खाली घातली होती ती वर केली.

गाणं संपलं. मामा काकींना म्हणाले, “वा! आता आणखी काय बघायचं राहिलं?” काकी आईकडे वळून हुंडाबिंडा आमच्यात घेत नाहीत, नारळ आणि मुलगी द्या, असं काहीसं बोलायला लागल्या. आतेनं माझ्याकडे बघून मान डोलावली. जमलं होतं. मी माझं काम चोख केलं होतं.

तेवढ्यात सुधाकर पहिल्यांदा बोलला. “एक विचारू?” असं अप्पांना म्हणाला आणि मग थेट ताईकडे बघून त्यानं विचारलं, “तुम्हाला काय आवडतं?”

“शिवणकाम, विणकाम आणि...” मी सुरू केलं.

ताईनं माझा हात दाबला. मला वाटलं, पुढं बोल म्हणते. “...आणि स्वैपाक. आणि ती रोज सकाळी...”

ताईनं हात आणखी जोरात दाबला. इतका, की माझी बोटं एकमेकांवर चढली. मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती.

“विंदे,” ती म्हणाली, “त... त... तू थांब.”

आते पटकन पुढं सरकली. “अहो, तिला कालपासून जरा पडसं झालंय. घसा धरलाय,” ती म्हणाली.

“घसा धरलेला नाही, सुमन,” अप्पा म्हणाले.

अप्पा घरात फार बोलत नसत. आणि ताईच्या बोलण्याविषयी तर मी त्यांच्या तोंडून आजवर एक शब्द ऐकला नव्हता. ते काकींकडे वळले. “मुलगी बोलताना अडखळते. लहानपणापासून. हे मी आधी सांगायला हवं होतं.” मग ताईकडे बघून म्हणाले, “बोल बाळ.”

ताई ताठ बसली. “मा... माझं नाव श... श... श...”

ते नाव तिच्या ओठांवर आलं होतं. दिसत होतं. मानेची शीर फुगली. माझ्या जिभेवर ते कधीचं तयार होतं, नुसतं सोडून द्यायचं बाकी होतं.

“शरयू, शरयू. कळलं आम्हाला,” मामा मायेनं म्हणाले. “नको त्रास करून घेऊस.”

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी दिलेला शब्द तिनं घेतला नाही. तिनं श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. “माझं न... नाव श... श...”

“अगो, राहू दे ना,” आई कळवळून म्हणाली.

ताई थांबली. आणि पुन्हा पहिल्यापासून. या वेळी कुणी मधे बोललं नाही. बाहेर स्टँडवर कुठल्याशा गाडीचं इंजिन धडधडत होतं, ते बंद झालं. मी माझे ओठ दातांखाली धरून ठेवले होते.

“माझं नाव श... शरयू,” ताई म्हणाली. “मला शि... शिवण आवडत नाही. ते झाकण आ... आतेनं आणलंय. मला ल... लहान मुलांना शिकवायला आवडतं. आळीतली म... मुलं माझ्याकडे हिशेब शिकायला येतात. ती ह... हसत नाहीत मला. पहिल्या दिवशी ह... हसतात, मग नाही.” ती जरा थांबली. घामाचा ओघळ कानापाशी आला होता, तो तिनं पुसला नाही. “मी अशीच ब... बोलणार. आणि सासरी माझ्याबरोबर विं... विंदी येणार नाही. म्हणून आ... आत्ताच सांगितलं.”

एवढं बोलायला तिला किती वेळ लागला कोण जाणे. सुधाकर तेवढा वेळ तिच्याकडे बघत होता. एकदाही त्यानं नजर खाली घातली नाही, की मान डोलावून तिला पुढं ढकललं नाही. शेवटी तो म्हणाला, “बरं झालं सांगितलंत.”

काकींनी पंखा चटईवर ठेवला. “परतीची गाडी चुकेल,” त्या मामांना म्हणाल्या. आणि आईला म्हणाल्या, “आमचं कळवतो हां.”

निघताना काकी आणि मामा पायऱ्या उतरून फाटकापर्यंत गेले. सुधाकर चपला घालून ओट्यावर घुटमळला. ताई दारात उभी होती. “येतो,” तो म्हणाला.

“य... य...” ताईला तो शब्दही सुटेना. तिकडून काकींनी हाक मारली, “सुधा!” तो गेला नाही. उभा राहिला.

“या,” ताई म्हणाली. मग तो गेला.

---

निरोप आला तो आठेक दिवसांनी, चिपळूण गाडीच्या कंडक्टरबरोबर. “रेडीजांनी सांगितलंय, पत्रिका जमत नाही.”

“पत्रिका आधीच जमवून आले होते ना?” आई म्हणाली. कंडक्टर बिचारा काय सांगणार? तो पाणी पिऊन गेला. सुमनआते तर पाहुणे येऊन गेले त्याच दिवशी रागावून चिपळूणला परत गेली होती, ती पुढं गौरी-गणपतीपर्यंत आमच्याकडे फिरकली नाही. निरोप आला त्या संध्याकाळी अप्पा स्टँडवरच्या कँटीनमधून ताईला आवडते म्हणून गरम भजी घेऊन आले. एवढंच. ताईनं ती सगळी खाल्ली.

पुढं बरंच काही झालं. अप्पांच्या ओळखीनं नव्हे, स्वतः मुलाखतीला जाऊन ताईनं रत्नागिरीला बालवाडी शिक्षिकेचं शिक्षण घेतलं. तिच्या हाताखालून मुलांच्या दोन पिढ्या गेल्या. लग्न उशिरा झालं, संगमेश्वरच्या एका विधुर मास्तरांशी. आमचे भाऊजी फार शांत गृहस्थ. त्यांच्या घरात आजही ताई बोलत असली की तिचं वाक्य कुणी पुरं करत नाही. नवी सून आली तेव्हा तिलाही लहान मुलाला सांगावं तसं हे समजावून सांगितलं होतं त्यांनी. सुधाकर रेडीजांचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही. त्यांची आठवण निघाली की ताई एवढंच म्हणते, “माणूस च... चांगला होता. आईला घाबरायचा.”

पण माझ्या मनात ते सगळं मागं पडतं आणि पुढं येते ती निरोप आल्यानंतरची एक संध्याकाळ.

आईनं ताईला सामान आणायला सांगितलं. मी नेहमीप्रमाणे पायात चपला सरकवल्या आणि हात पुढं केला. ताईनं पिशवी घेतली.

“तू न... नको येऊ.”

“का?”

“मी जा... जाते.”

ती निघालीसुद्धा. मी थोडा वेळ दारात उभी राहिले आणि मग भिंतीच्या कडेकडेनं तिच्या मागं गेले. नानांच्या दुकानासमोर लाकडाची वखार होती, तिच्या आडोशाला उभी राहिले. दुकानात गर्दी होती. ताईची पाळी आली.

“काय देऊ गो? आज विंदी कुठाय?” नानांनी विचारलं.

“सा... सा...”

“साखर?”

ताईनं मान हलवली. “सा...”

“साबुदाणा?” नानांचा हात साबुदाण्याच्या डब्याकडे गेला. मागं उभी असलेली एक बाई म्हणाली, “सांडगे मागत असेल!” कुणीतरी खुदकन हसलं.

माझे पाय नुसते शिवशिवत होते. काय हवंय ते मला माहीत होतं. आईनं माझ्यासमोरच सांगितलं होतं. वखारीतून नुसतं ओरडले असते तरी नानांना ऐकू गेलं असतं.

ताईनं ओट्यावर हात टेकला. डबा उघडायला निघालेल्या नानांकडे बघून तिनं नको अशी खूण केली. आणि थांबली. गर्दीही थांबली. कुणीतरी पायावर पाय बदलला. नानांनी हात मागं घेतला आणि तेही थांबले.

“साबण,” ताई म्हणाली. “दोन. आणि का... काडेपेटी.”

“मग तसं सांग ना!” नाना म्हणाले. त्यांनी साबण काढले. मागची बाई पुढं सरकून तिचं सामान मागायला लागली. जग पुन्हा सुरू झालं.

आणि मी वखारीच्या आडोशाला ढसाढसा रडायला लागले.

परत येताना ताईनं मला पाहिलं. हाताला धरून घरी आणलं. आम्ही मागच्या पायरीवर बसलो. ऊन उतरलं होतं. फणसाच्या झाडाखाली आईनं धुतलेली भांडी पालथी घातली होती. ताईनं माझं नाक पदरानं पुसलं.

“क... का रडतेस?”

मी तोंड उघडलं. माझ्या तोंडून शब्दच फुटेना. आयुष्यभर दुसऱ्याचं धडाधड बोलत आले होते, आणि माझं स्वतःचं सांगायची वेळ आली तर काय सांगायचं तेच कळेना. रेडीजांनी नकार दिला म्हणून मी रडत नव्हते. लोक हसले म्हणूनही नाही. मग कशासाठी? मी “मला... मला...” करत राहिले.

ताई बसून राहिली. घरात आईनं स्टोला हवा भरायला घेतली होती. ताई उठली नाही. ‘भूक लागली का’, ‘कुणी मारलं का’ असलं काही तिनं सुचवलं नाही. माझ्याकडे बघत, हातात काडेपेटी घेऊन ती नुसती थांबली होती. असं माझ्यासाठी आजवर कुणी थांबलं नव्हतं. कुणाला तशी गरजच पडली नव्हती.

खूप वेळानं माझ्या तोंडून निघालं, “तुझं तू बोललीस तर मी काय करू?”

ताईच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला त्या वयात कळलं नाही. तिनं मला जवळ ओढलं आणि माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवली. मग दूर केलं. स्टँडमागून मुलींचा कालवा ऐकू येत होता. दगडांचा थर कोसळल्याचा आवाज आला, पाठोपाठ किंकाळ्या.

“जा,” ताई म्हणाली. “ख... खेळ.”

“तुला काही लागलं तर?”

“ज... जा ना.”

मी उठले. परसाच्या दगडी गडग्यावरून उडी मारली. मोकळ्या जागेत पोचले तेव्हा लगोरीचे दगड पुन्हा रचले जात होते. मुली माझ्याकडे बघत राहिल्या. खातवांची मंगल हातात चेंडू घेऊन उभी होती.

“तुझी ताई कुठाय?” तिनं विचारलं.

“घरी.”

“परत कधी जायचंय तुला?”

“काळोख पडला की,” मी म्हटलं.

मंगलनं इतर मुलींकडे पाहिलं. “मग आमच्यात ये,” ती म्हणाली आणि चेंडू माझ्याकडे फेकला. मला तो झेलता आला नाही. गटाराच्या कडेनं घरंगळत तो पार रस्त्यापर्यंत गेला, आणि त्याच्यामागं मी रिबिनी सुटेपर्यंत धावत सुटले.